सातारची वस्त्रे, कलकत्त्याचा बाजार

कलकत्त्याच्या इंग्रजांनी एका मराठी सरदाराच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणला, ही गोष्ट महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तो खंदक कधीच पुरा झाला नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालमध्ये उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने नवाबाची परवानगी काढून उत्तरेला बागबाजारपासून काम सुरू केले. कौन्सिलने पंचवीस हजार रुपये उसने दिले, ते रहिवाशांनी फेडायचे होते. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले आणि मराठे काही येत नाहीत असे दिसल्यावर कुदळी खाली ठेवल्या गेल्या. हालसीबागानजवळ तर खंदकाने मुद्दाम वळण घेतले. तिथे सावकार अमीचंद आणि कंपनीचा बडा देशी अंमलदार गोविंदराम मित्र यांच्या बागा होत्या, त्या आत घ्यायच्या होत्या. शत्रू दाराशी आला तरी बड्यांच्या बागांची सोय आधी पाहिली जाते!

पुढे १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला चालून आला, तेव्हा या खंदकाचा काही उपयोग झाला नाही. १७९९ च्या सुमारास तो मोठ्या भागात बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. उरलासुरला तुकडा १८९३ पर्यंत बुजला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली तेवढी शिल्लक आहे.

ज्यांच्या नावाने ही खोदाई झाली ते रघुजी भोसले कलकत्त्याला कधी आले नाहीत. त्यांच्या घराण्याचे शेवटचे पान मात्र याच शहरात लिहिले गेले. त्या घराण्याचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: गादीवर कोणी बसायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

नागपूरकर भोसल्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातले हिंगणी बेर्डी. शिवाजी महाराजांच्या भोसल्यांशी आपले नाते आहे असे ते सांगत. जवळचा धागा काही जुळत नाही, पण आडनाव एक होते आणि त्या काळी तेवढे पुष्कळ होते. घराण्याचे नशीब उघडले ते परसोजी भोसल्यांमुळे. १७०७ मध्ये शिवाजी महाराजांचे नातू शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा हा तोतया आहे अशी हूल ताराबाईंच्या पक्षाने उठवली होती. परसोजींनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून सगळ्यांची शंका फेडली, असे सांगतात. त्या एका जेवणाचे मोल फार मोठे ठरले. शाहूंनी त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब दिला आणि वऱ्हाड-गोंडवनाकडचा मुलूख त्यांच्याकडे लावून दिला.

परसोजींमागून त्यांचा मुलगा कान्होजी सेनासाहेबसुभा झाला. त्याने वऱ्हाडात भाम इथे ठाणे केले. त्याला उशिरापर्यंत मूल नव्हते, म्हणून त्याने चुलत पुतण्या रघुजीला घरात वाढवले. मग कान्होजीला मुलगा झाला आणि पुतण्या नकोसा झाला. मराठी घरांत हे काही नवे नाही. रघुजी निघाले, एलिचपूरच्या नवाबाकडे आणि देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी करून साताऱ्याला पोचले आणि शाहूंच्या मर्जीत बसले. शिकारीत त्यांनी महाराजांचा जीव वाचवल्याची कथा आहे. शाहूंनी शिर्के घराण्यातल्या आपल्या राणीच्या नात्यातली मुलगी त्यांना दिली, म्हणजे सोयरीकही झाली. इकडे कान्होजी मुलखाचा वसूल साताऱ्याला नीट भरत नव्हता. १७३० च्या सुमारास शाहूंनी सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे, म्हणजे नेमणुकीचा मानाचा पोशाख, रघुजींना दिली आणि काकाला पकडून आणण्याची कामगिरी त्यांच्यावरच सोपवली. त्यांनी ती चोख बजावली. कान्होजीचे उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेले.

म्हणजे या घराण्यात थोरल्याचा मुलगा थोरला असा सरळ हिशेब पहिल्यापासून नव्हता. ज्याला साताऱ्याहून वस्त्रे येतील तो धनी. रघुजींना हे पुरते उमगले होते, म्हणून त्यांनी एकाच खुंटीवर सगळा भार टाकला नाही. देवगडच्या गोंड राजघराण्यात वारशाचे भांडण पेटले, तेव्हा राजा चांदसुलतानाच्या विधवा राणीने त्यांना मदतीला बोलावले. भांडण मिटता मिटता नागपूर भोसल्यांच्या हाती आले. पण गोंड राजाला त्यांनी हाकलले नाही. तनखा आणि मान देऊन नागपुरातच ठेवले. पेशवा जाब विचारू लागला तर आपण गोंड राजाच्या वतीने कारभार पाहतो म्हणायचे, आणि गोंड कुरकुरले तर सातारच्या छत्रपतींची सनद दाखवायची. असा दुहेरी आधार त्यांनी राखला.

बंगालची मोहीम रघुजींच्या नावावर असली तरी पहिला घाव घातला तो त्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांनी. ‘भास्कर पंडित’ या नावाने बंगालला ते आजही आठवतात. एप्रिल १७४२ मध्ये त्यांनी बंगालचा नवाब अलीवर्दी खान याला बर्दवानजवळ गाठून वेढले. मे महिन्यात नवाब वाटेवर असतानाच त्यांची एक तुकडी मुर्शिदाबादवर जाऊन जगतशेठांची पेढी लुटून आली. जुलैत हुगळी त्यांच्या हातात आली. नवाबाच्या नोकरीतून फुटलेला मीर हबीब हा वाटाड्या मिळाल्यामुळे भागीरथीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख पावसाळाभर मराठ्यांच्या ताब्यात राहिला. भास्करपंतांनी कटवा इथे छावणी केली आणि सप्टेंबरात जवळच्या दाइँहाटला थाटामाटाने दुर्गापूजा मांडली. आसपासच्या जमीनदारांकडून वर्गणी, नजराणे, सामान सगळे आले. कोकणस्थ ब्राह्मण, नागपूरची फौज आणि बंगालची देवी! नवमीची पहाट उजाडण्यापूर्वी, २७ सप्टेंबरला, अलीवर्दीने भागीरथी ओलांडली आणि अजय नदीवर होड्यांचा पूल घातला. तो पूल मधेच मोडून त्याची कितीतरी माणसे बुडाली, तरी उरलेल्यांनी छावणीवर झडप घातली. मराठ्यांना पूजा अर्धी टाकून पळावे लागले.

ही हकिगत वाचताना मराठी मन सुखावते. त्याच महिन्यांत खेड्यापाड्यांतून जे घडत होते ते वाचवत नाही. कवी गंगारामाने ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य या घटनांनंतर दहाएक वर्षांतच लिहिले. जळती गावे, रुपये कुठे पुरलेत ते सांगावे म्हणून केलेला छळ, बायकांवरचे अत्याचार आणि डोक्यावर बिऱ्हाड घेऊन धावणारे ब्राह्मण, विणकर, शेतकरी त्यात येतात. बर्दवानच्या दरबारातले पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांनी १७४४ मध्ये संस्कृत ‘चित्रचम्पू’त मराठी स्वारांच्या वेगाचे आणि निर्दयपणाचे वर्णन केले आहे. आपल्याकडचे बारगीर बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि मुलांना निजवण्याच्या गाण्यात भीतीचे नाव होऊन बसले. ते अजून तिथेच आहेत. नदीच्या पश्चिमेकडून पळालेली पुष्कळ माणसे पूर्वेला इंग्रजांच्या कलकत्त्यात आसऱ्याला आली. ते शहर वाढवण्यात नागपूरच्या स्वारांचा असाही हात लागला.

१७४३ मध्ये रघुजी स्वतः बंगालमध्ये उतरले, तर नवाबाच्या मदतीला साक्षात पेशवे आले! बंगालची चौथाई नागपूरने घ्यायची की पुण्याने, हा वाद होता. बाळाजी बाजीराव आणि अलीवर्दी यांची भेट झाली ती पलाशीजवळ. कंपनीच्या क्लाइव्हला लढाईसाठी तिथे पोचायला अजून चौदा वर्षे होती. पेशव्यांनी भोसल्यांना मागे रेटले आणि दोघेही तंटा घेऊन शाहूंपुढे उभे राहिले. शाहूंनी मुलुखाची वाटणी करून बंगाल आणि ओडिशा रघुजींकडे दिला. तंटा साताऱ्यात सुटण्याची ही जवळजवळ शेवटची वेळ.

३१ मार्च १७४४ ला मानकराच्या छावणीत तहाच्या बोलण्यासाठी नवाबाने भास्करपंतांना तंबूत बोलावले. पंत आपल्या वीसएक सरदारांसह आत गेले आणि सगळे कापले गेले. बाहेर थांबलेला रघुजी गायकवाड फौज घेऊन निसटला, म्हणून नागपूरला बातमी तरी पोचली. त्याचा सूड म्हणून आणखी सहा-सात वर्षे स्वाऱ्या चालल्या. अखेर १७५१ मध्ये थकलेल्या अलीवर्दीने दरसाल बारा लाखांची चौथाई कबूल केली, ओडिशाचा वसूल सोडला आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द ठरली. मराठ्यांनी ती ओलांडायची नाही. रघुजी १७५५ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा हात वऱ्हाडापासून कटकच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचला होता.

त्यांना चार मुलगे होते: जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी. जानोजी वयाने थोरला, पण धाकट्या राणीचा. मुधोजी थोरल्या राणीचा. दोघांनीही धाव घेतली ती पुण्याकडे. शाहू सहा वर्षांपूर्वीच गेले होते आणि सातारची गादी नावापुरती उरली होती. पेशव्यांनी जानोजीला सेनासाहेबसुभा केले, मुधोजीला ‘सेनाधुरंधर’ किताब आणि चांदा दिला, बिंबाजीला छत्तीसगड, साबाजीला वऱ्हाडातला भाग. घरचे भांडण बाहेर गेले की सोडवणारा आपला वाटा काढून घेतोच. पेशव्यांनी नजराणा घेतला आणि नागपूरवरची आपली पकडही घट्ट केली.

जानोजी १७७२ मध्ये निपुत्रिक वारले. मुधोजीचा मुलगा रघुजी याला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात होते, पण त्यांची विधवा दर्याबाई साबाजीच्या बाजूला गेली. पुण्यात नारायणराव, रघुनाथराव, बारभाई असे कारभारी पालटत गेले, तशी नागपूरची वस्त्रे कधी एका भावाला तर कधी दुसऱ्याला मिळू लागली. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरच्या दक्षिणेस पाचगावला दोघे भाऊ हत्तींवर बसून समोरासमोर आले. मुधोजीचा हत्ती घेरला गेला होता. शरण ये, असे म्हणत साबाजी जवळ आला आणि मुधोजीने पिस्तूल झाडले. साबाजी जागीच ठार झाला. त्यानंतर मुधोजी मुलाच्या नावाने राज्य करू लागला. तो मुलगा दुसरे रघुजी.

इथपासून कलकत्ता या घराण्याच्या अंगणात शिरू लागला. कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला पुण्याशी लढायचे होते आणि त्यासाठी नागपूर फोडायचे होते. १७७७ च्या अखेरीला साताऱ्यात छत्रपती रामराजा वारले. हेस्टिंग्जने मुधोजीपुढे गळ टाकला: तुम्हीही भोसले, सातारच्या गादीवर हक्क सांगा, आम्ही पाठीशी आहोत. ज्या किताबाची वस्त्रे परसोजींनी छत्रपतींकडून घेतली, त्या छत्रपतींचेच आसन आता कलकत्त्याहून देऊ केले जात होते. हा निरोप घेऊन निघालेला अलेक्झांडर एलियट १७७८ मध्ये वाटेतच, सारंगढजवळ, तापाने मेला. मुधोजीही तसा पक्का हिशेबी. त्याने गळ गिळला नाही आणि टाकूनही दिला नाही.

हा सगळा व्यवहार चालवला तो नागपूरचा कलकत्त्यातला वकील बेनीराम पंडित याने. कंपनीच्या कागदांत त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. पुणे, हैदर आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एकजूट केली, तेव्हा ठरल्याप्रमाणे मुधोजीचा मुलगा चिमणाजी तीस हजार फौज घेऊन बंगालवर निघाला, पण इतक्या सावकाश की त्याला कटक गाठायला महिनेच्या महिने लागले. पुण्याला शब्द पाळल्याचे दिसले, कलकत्त्याला धोका टळल्याचे समजले आणि हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजून ती फौज माघारी लावली. उलट कंपनीचीच पलटण ओडिशातून मद्रासकडे बिनदिक्कत गेली. ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसचा राजा चेतसिंग उलटला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळावे लागले. तेव्हा बेनीराम आणि त्याचा भाऊ बिशंभर त्याच्यामागोमाग पायी गेले आणि बनारसच्या आपल्या घरातले लाख रुपये त्याला देऊ केले. हेस्टिंग्जने हे स्वतः लिहून ठेवले आणि पुढे बेनीरामला जहागीर दिली. वकील नेमका कोणाचा, असा प्रश्न नागपुरात कोणाला पडला असेल तर नवल नाही.

१८०३ मध्ये दुसऱ्या रघुजींनी शिंद्यांबरोबर इंग्रजांशी युद्ध केले. आडगाव हरले, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक-बालासोर गेले. ज्या ओडिशासाठी पहिल्या रघुजींनी दहा वर्षे घालवली तो तीन महिन्यांत सुटला. त्याच वर्षी कलकत्त्यात वेलस्लीचा नवा गव्हर्न्मेंट हाउस उभा राहिला.

दुसरे रघुजी १८१६ ला वारले. मुलगा परसोजी आजाराने आणि अंधत्वाने खंगलेला. चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाला आणि १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मृत सापडला. आप्पासाहेब गादीवर बसला तो कंपनीच्या तैनाती फौजेच्या भरवशावर. तरीही २४ नोव्हेंबरला त्याने भर दरबारात, इंग्रजांशी युद्धाला उभ्या राहिलेल्या पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे अंगावर घेतली, आणि समारंभाला रेसिडेंट जेंकिन्सलाही आमंत्रण दिले. हा भाबडेपणा होता असे काही म्हणतात. खरे तर शंभर वर्षांच्या रीतीप्रमाणे वस्त्रांवाचून गादीला अर्थ नव्हता. दोनच दिवसांनी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, आप्पासाहेब हरला, पुढे कैदेतून पळाला आणि १८४० मध्ये जोधपुरात मेला. त्याच्या जागी कंपनीने दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, दत्तक देववून तिसरे रघुजी म्हणून बसवला. मुलीचा मुलगा दत्तक चालतो, हे १८१८ मध्ये कंपनीनेच मान्य केले होते.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नव्हता, दत्तक घेतलेला नव्हता. आपल्या धर्माप्रमाणे विधवा राणीला दत्तक घेता येतो, असे राजवाड्याचे म्हणणे पडले आणि आहेर घराण्यातल्या यशवंतराव या मुलाचे नाव पुढे आले. रेसिडेंट मॅन्सेलनेही दत्तक मान्य करावा असे सुचवले आणि वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये जनरल लो विरोधात गेला. पण २८ जानेवारी १८५४ ला गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने आपला निर्णय लिहून ठेवला होता. त्याचे म्हणणे असे: १८१७ मध्ये हे राज्य आम्ही जिंकले, १८१८ मध्ये आम्ही दान दिले, घेणारा निपुत्रिक गेला, दान परत आले. नागपूरच्या कापसाचा इंग्लंडला किती उपयोग होईल, हेही त्याने दडवले नाही. सुमारे ऐंशी हजार चौरस मैलांचे राज्य एका कागदाने गेले.

यूरोपच्या सरंजामी इतिहासात असे घडून गेले होते. फ्रान्सच्या राजाने १३६३ मध्ये धाकट्या मुलाला बर्गंडीचा ड्यूक केले. चार पिढ्यांत ते ड्यूक राजाहून भारी झाले. चौथा, ‘धाडसी’ चार्ल्स, ५ जानेवारी १४७७ ला नान्सीच्या लढाईत पडला; मागे फक्त मुलगी मेरी. वारस मुलगा नाही, तेव्हा दिलेले आमच्याकडे परत, असे म्हणून अकराव्या लुईने बर्गंडी घशात घातली. चार्ल्सचे जडजवाहीर आदल्याच वर्षी स्विस फौजांनी लुटले होते. त्यातले मोठाले हिरे-माणके बासल शहराने पुढे ऑग्सबर्गच्या याकोब फुगर या सावकाराला विकली. फरक इतकाच की मेरीने ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी लग्न करून बापाचा उरला मुलूख वाचवला. नागपूरच्या राण्यांना तसा मॅक्सिमिलियन मिळण्याची सोय नव्हती.

राज्य गेल्यावर राजवाड्याची झडती झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत मातीमोल भावाने विकले गेले. सामान काढू लागले तर वाड्याला आग लावीन, असे दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बाकाबाईंनी बजावले. सामान निघालेच. थोडे नग राण्यांना ठेवून बाकी दागिने कलकत्त्याच्या बाजारात विक्रीला गेले. इंग्रज इतिहासकार केय याने नोंदवले आहे की राज्य घेतल्यापेक्षा या विक्रीने आसपासच्या प्रांतांत जास्त वाईट भावना झाली.

तरीही १८५७ मध्ये नागपूर शांत राहिले, आणि त्यात बाकाबाईंचा वाटा मोठा होता. पुढच्या वर्षी त्या वारल्या. त्या निष्ठेची दखल म्हणून लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने १८६० मध्ये यशवंतरावांचे दत्तविधान मान्य केले. सहा वर्षांपूर्वी हेच केले असते तर राज्य राहिले असते. आता राज्य नव्हते, म्हणून मान्यता द्यायला हरकत नव्हती. यशवंतराव जानोजी या नावाने घराण्याचे प्रमुख झाले. त्यांना ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला तो नागपूरचा नव्हे, देऊरचा. देऊर हे सातारा जिल्ह्यातले गाव. त्यांचे राहणे मात्र नागपुरातच राहिले, महालातल्या वाड्यात.